नाही मी जाणार : मराठीत विरामचिन्हं कशी वापरायची

‘नाही मी जाणार’ असं म्हणणारा माणूस जाणार आहे की नाही? समोर उभा राहून तो बोलत असेल तर शंकाच येत नाही, सूर सगळं सांगतो. कागदावर सूर नसतो. ‘नाही मी जाणार.’ असं लिहिलं तर तो घरीच बसला. ‘नाही, मी जाणार.’ असं लिहिलं तर चपला घालून निघालाच. शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच.

शाळेत विरामचिन्हं आपल्याला तक्त्यात भेटतात : चिन्ह, नाव, उपयोग, उदाहरण. तक्ता पाठ होतो, ‘योग्य विरामचिन्हे घाला’ या प्रश्नाचे गुणही मिळतात आणि स्वतःच्या मनाने चार ओळी लिहायची वेळ आली की हात अडखळतो. माझ्या मते याला ‘थोडं थांबायचं असेल तिथे स्वल्पविराम, पूर्ण थांबायचं तिथे पूर्णविराम’ ही शिकवण कारणीभूत आहे. मोठ्याने वाचताना ती उपयोगी पडते. लिहिताना मात्र फसवते, कारण प्रत्येकाचा दम वेगळा. कुणी पाच शब्दांवर थांबतं, कुणी पंधरांवर. लिहिताना दुसरा प्रश्न विचारावा : इथला कोणता शब्द कोणत्या शब्दाशी जोडलेला आहे, आणि वाचणारा तो चुकून भलत्याशीच जोडेल का? चिन्ह घालायचं ते या प्रश्नाच्या उत्तरावरून. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नातून निघतात.

ही चिन्हं मराठीत फार जुनी नाहीत. मोडी लिहिणारे आधी पानाच्या रुंदीभर आडवी रेघ ओढत आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जात. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नव्हती, विरामचिन्हं तर नाहीतच. पोथ्यांमध्ये एकेरी आणि दुहेरी दंड, म्हणजे उभ्या रेघा असत, पण ते ओवीचा किंवा श्लोकाचा भाग संपल्याची खूण म्हणून. आजची चिन्हं एकोणिसाव्या शतकात छापखाना आणि शाळा यांच्याबरोबर इंग्रजीतून आली. मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये पुरा करणाऱ्या मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिलं आणि मराठीत ही चिन्हं रुजवण्याचं श्रेय प्रामुख्याने त्यांनाच दिलं जातं. नवशिक्याने यातून एवढंच ध्यानात ठेवावं, की चिन्हं इंग्रजीतून आली असली तरी वाक्याची ठेवण मराठी आहे. इंग्रजीच्या पुस्तकातला नियम उचलून इथे लावला की कधी बसतो, कधी बसत नाही.

पहिली पायरी : वाक्य कुठे संपतं ते शोधा

मजकूर लिहून झाला की आधी फक्त पूर्णविराम बघा, बाकीच्या चिन्हांना हात लावू नका. मराठीत हे सोपं आहे, कारण आपलं क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं. पेन्सिल घेऊन क्रियापदांखाली रेघ ओढा. जिथे रेघ, तिथे वाक्य संपण्याचा संभव.

संभवच म्हणतो, कारण तीन ठिकाणी फसायला होतं. ‘जाऊन’, ‘खाताना’, ‘आल्यावर’ ही रूपं क्रियापदासारखी दिसतात, पण वाक्य संपवत नाहीत. ‘शाळेतून आल्यावर हातपाय धुऊन तो अभ्यासाला बसला’ यात वाक्य संपवणारा शब्द एकच, ‘बसला’. उलट ‘हा माझा भाऊ.’ किंवा ‘घर स्टेशनजवळच.’ यांत क्रियापद दिसतच नाही, तरी वाक्य पुरं आहे. तिसरी जागा ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ अशा जोडीच्या वाक्यांची, तिच्याकडे पुढे येऊ.

विद्यार्थ्यांच्या लिखाणात पूर्णविराम चुकीच्या जागी पडण्यापेक्षा पडतच नाही, ही तक्रार जास्त. ‘आम्ही सहलीला गेलो आणि तिथे किल्ला बघितला आणि मग जेवलो आणि’ अशी आगगाडी निघते. दर दुसऱ्या ‘आणि’ला कात्री लावून तिथे टिंब द्या. बिघडत काहीच नाही.

हे टिंब दुसरं कामही करतं : शब्द तोडून लिहिल्याचं दाखवतं. डॉ., उदा., क्र., इ. स., ता. क., स. न. वि. वि. ही सगळी अशीच. असा तोडलेला शब्द वाक्याच्या अगदी शेवटी आला तर टिंब एकच द्यायचं, दोन नाही. मथळ्याला आणि धड्याच्या नावाला पूर्णविराम देत नाहीत.

आता दंडाबद्दल. फोनवर हिंदी कळफलक चालू असला की टिंबाच्या जागी उभी रेघ उमटते आणि ती तशीच मराठी निबंधात उतरते. हिंदीत ती बरोबर आहे. मराठी गद्यात पूर्णविराम टिंबाचाच. दंड ओव्या, अभंग, श्लोक यांच्यापुरता.

दुसरी पायरी : स्वल्पविराम, आणि इथे घाई नको

हाक मारलेल्या माणसाला वाक्यापासून वेगळं काढणं, हे स्वल्पविरामाचं सगळ्यात नेमकं काम. ‘काकू आली मावशी’ हे तीन शब्द बघा. ‘काकू, आली मावशी.’ म्हणजे काकूला सांगितलं की मावशी आली. ‘काकू आली, मावशी.’ म्हणजे मावशीला सांगितलं की काकू आली. दारात कोण उभं आहे हे एवढ्याशा खुणेवर ठरतं. म्हणून पत्रात, निरोपात, भाषणात ‘आई,’, ‘सर,’, ‘मित्रांनो,’ यांच्यानंतर स्वल्पविराम हवाच. हाक वाक्याच्या मध्ये आली तर दोन्ही बाजूंना : ‘तुला सांगते, ताई, असं पुन्हा होणार नाही.’

यादीत एकसारख्या शब्दांमध्ये स्वल्पविराम येतो आणि शेवटच्या दोघांमध्ये ‘आणि’ किंवा ‘व’ : ‘वही, पेन, पट्टी आणि कंपास’. ‘आणि’च्या आधी मराठीत स्वल्पविराम सहसा देत नाहीत. मोठ्या आकड्यांत तो उजवीकडून आधी तीन अंकांनंतर आणि मग दर दोन अंकांनंतर येतो : १,२५,०००.

खरी गंमत पुढे आहे. मराठीतले काही छोटे शब्द दोन-दोन कामं करतात आणि ते आत्ता कोणत्या कामावर आहेत हे स्वल्पविरामावरून कळतं. ‘पण’ घ्या. ‘मी गेलो, पण भेट झाली नाही.’ इथे ‘पण’ दोन वाक्यांच्या सांध्यावर उभा आहे आणि त्याच्या आधी चिन्ह आहे. ‘मी पण येतो.’ इथे तोच शब्द ‘सुद्धा’च्या अर्थाने ‘मी’ला चिकटलेला आहे, आधी स्वल्पविराम दिला तर वाक्य मोडेल. ‘तर’चंही तसंच. ‘पाऊस थांबला, तर सामना होईल.’ यात तो अट जोडतो. ‘मी तर गेलोच नाही.’ यात नुसता जोर देतो. ‘म्हणून’ : ‘बस चुकली, म्हणून उशीर झाला.’ आणि ‘मदत म्हणून शंभर रुपये दिले.’ ‘का’ : ‘का आवडलं नाही?’ हा कारण विचारणारा प्रश्न, तर ‘का, आवडलं नाही?’ यात थोडा चिमटा आहे. असे शब्द आपल्या लिखाणात गोल करून बघावेत आणि प्रत्येकाला विचारावं : तू सांधा आहेस की चिकटलेला? सांधा असेल तर चिन्ह, चिकटलेला असेल तर नाही. माझ्या मते स्वल्पविरामाचे निम्मे घोटाळे एवढ्याने सुटतात.

जोडीची वाक्यंही इथेच घेऊ. ‘जो काल भेटला, तो माझा मामा.’ ‘जेव्हा वीज गेली, तेव्हा आम्ही जिन्यात होतो.’ जोडीतला दुसरा शब्द सुरू होण्याआधी स्वल्पविराम. वाक्य अगदी छोटं असेल तर तो गाळतात : ‘जे हवं ते घे.’

‘की’वरून बराच वाद होतो. ‘तो म्हणाला, की उशीर होईल’ अशी एक पद्धत, ‘तो म्हणाला की, उशीर होईल’ अशी दुसरी आणि चिन्हच न देण्याची तिसरी. छापील मजकुरात तिन्ही दिसतात. मला पहिली आणि तिसरी पटतात, कारण ‘की’ पुढच्या वाक्याचा आहे, मागच्याचा नाही. तुम्ही कोणतीही घ्या, पण एका लेखात एकच ठेवा. दोन पर्यायांमधल्या ‘की’ला मात्र चिन्ह नको : ‘चहा घेणार की कॉफी?’

आणि जिथे स्वल्पविराम मुळीच नको अशी जागा : कर्ता लांबलचक झाला म्हणून त्याच्यामागे. ‘साताऱ्याहून रात्री उशिरा आलेल्या गाडीतल्या सगळ्या प्रवाशांनी, तक्रार केली.’ दम लागला म्हणून दिलेलं हे चिन्ह. तक्रार करणाऱ्यांना तक्रारीपासून तोडू नका.

काही घोटाळे स्वल्पविरामाच्या आवाक्याबाहेरचे असतात. ‘त्याने आईला सांगून पैसे घेतले नाहीत.’ यात त्याने न सांगता पैसे घेतले, की ‘घेणार नाही’ असं सांगून खरंच घेतले नाहीत? चिन्हांशी झटापट करण्यापेक्षा वाक्य बदला : ‘त्याने आईला न सांगता पैसे घेतले.’ ‘नवीन मुलांची पुस्तकं’ यातही नवीन कोण, मुलं की पुस्तकं? ‘मुलांची नवीन पुस्तकं’ असं लिहिलं की मिटलं.

तिसरी पायरी : प्रश्न आणि उद्गार

आपण बोलताना अनेकदा ‘का’ किंवा ‘काय’ न वापरताच प्रश्न विचारतो. ‘जेवलास?’ ‘आई आली?’ अशा ठिकाणी प्रश्नचिन्ह गाळलं तर प्रश्नच गेला. उरली नुसती बातमी. याउलट ‘तो कधी येणार ते मला माहीत नाही.’ यात ‘कधी’ असूनही प्रश्नचिन्ह येत नाही, कारण कुणी काही विचारतच नाही. प्रश्नार्थक शब्द दिसला की चिन्ह ठोकायची सवय पहिल्यापासून मोडावी.

उद्गारचिन्ह एकच पुरतं. ‘अरेरे! गाडी चुकली.’ किंवा ‘अरेरे, गाडी चुकली!’ तीन-चार उभी केली तर आनंद तिप्पट होत नाही.

चौथी पायरी : कोणाचं बोलणं कोणाचं

‘सुमेध म्हणाला मी चुकलो.’ यात चुकलं कोण? सुमेध स्वतःबद्दल बोलतो आहे की हे वाक्य लिहिणाऱ्याला दोष देतो आहे? मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचा ‘मी’ आपण तसाच ठेवतो, त्यामुळे ही अडचण वारंवार येते. दुहेरी अवतरणचिन्हं ती सोडवतात : सुमेध म्हणाला, “मी चुकलो.” आता शंका नाही.

मांडणीच्या तीन रीती पाठ कराव्यात.

तो म्हणाला, “उद्या येतो.”
“उद्या येतो,” तो म्हणाला.
“उद्या येतो” असं तो म्हणाला.

पहिल्या रीतीत पूर्णविराम अवतरणाच्या आत, कारण आतलं वाक्य तिथे संपतं. दुसरीत आत स्वल्पविराम. तिसरीत ‘असं’ हा शब्दच जोडणी करतो, म्हणून तिथे वेगळं चिन्ह लागत नाही. हे ‘असं’ मराठीचं खास आहे आणि इंग्रजीच्या नियमांत त्याचं उत्तर सापडणार नाही. आतलं वाक्य प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह आतच : “येतोस का?” असं तिने विचारलं. बाहेरचं वाक्य प्रश्न नाही, त्याला साधा पूर्णविराम.

एकेरी अवतरणचिन्ह एखाद्या शब्दाकडे बोट दाखवायला किंवा नाव वेगळं काढायला. नावाला प्रत्यय लागला तर तो चिन्हाच्या बाहेर आणि चिकटून : बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. ‘दर्पणचा’ असं सगळं आत कोंबलं की वृत्तपत्राचं नावच बदलतं. बोलण्याच्या आत दुसरं बोलणं आलं तर बाहेर दुहेरी, आत एकेरी.

पाचवी पायरी : अपूर्णविराम आणि त्याचा जुळा विसर्ग

वर-खाली दोन टिंबांचं चिन्ह म्हणजे अपूर्णविराम. पुढे यादी, तपशील किंवा उत्तर येणार आहे हे ते सांगतं. अडचण अशी, की विसर्ग अगदी तसाच दिसतो. कळफलकावर विसर्ग हाताशी असतो, म्हणून अर्जात ‘विषयः’ आणि ‘दिनांकः’ असं टंकलं जातं. विसर्ग हे विरामचिन्ह नाही, अक्षराचा भाग आहे. ‘स्वतः’, ‘दुःख’, ‘प्रातःकाळ’ यांत तो हवा. ‘विषयः’ वाचायचं तर ‘विषयह’ असं वाचावं लागेल. मराठी छपाईत यावर एक सोपी तोड आहे : अपूर्णविरामाच्या आधी थोडी जागा सोडायची. ‘विषय : दोन दिवसांची रजा मिळण्याबाबत’. विसर्ग शब्दाला चिकटतो, अपूर्णविराम सुटा राहतो. ‘उदाहरणार्थ’ तोडून लिहिताना ‘उदा.’ असं टिंब द्या, ‘उदाः’ नको.

अर्धविराम नवशिक्याने घाईने वापरला नाही तरी चालतं. दोन पुरी वाक्यं एकमेकांना इतकी लागून असतील की पूर्णविराम जास्त वाटतो, तेव्हा तो कामाला येतो : ‘ढग रोज दाटतात; पाऊस मात्र येत नाही.’ शाळेच्या पुस्तकांत ‘पण’, ‘परंतु’ यांच्या आधी अर्धविराम देतात. परीक्षेत तोच द्या. एरवी स्वल्पविराम चालतो.

सहावी पायरी : छोटी आणि मोठी रेघ

छोटी रेघ शब्द जोडते : ‘आई-वडील’, ‘पाच-सहा’, ‘पुणे-नाशिक’. तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडत नाहीत. ‘हळूहळू’, ‘बारीकसारीक’ असे शब्द रेघेशिवाय सलग लिहावेत. मोठी रेघ तोडते. मध्येच खुलासा घालायला किंवा वाक्य अर्धवट सोडायला ती वापरतात. फोनवर छोट्या रेघेची कळ दाबून धरली की बहुतेक कळफलकांवर मोठी मिळते. रकमेनंतरची ‘५००/-’ ही खूण विरामचिन्हांत मोडत नाही. पुढे कुणी आणखी शून्य चिकटवू नये म्हणून ती आहे. आकडा कुणी वाढवण्याची भीती नसेल तिथे ‘५०० रुपये’ पुरे.

बोलणं अर्धवट सुटलं तर तीन टिंबं, सात नाहीत. आणि दूरवरून मारलेली हाक लिहायची तर अवग्रह आहेच : ‘ए आईऽऽ!’

सातवी पायरी : मोकळ्या जागा

संगणकावर लिहिताना हे निम्मं काम आहे. चिन्ह मागच्या शब्दाला चिकटवा, पुढे एक जागा सोडा. अपूर्णविरामाचा अपवाद वर आलाच. कंस आणि अवतरणचिन्हं आतल्या शब्दांना चिकटतात. चिन्हाच्या आधी जागा सुटली की ते कधीतरी एकटंच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन पडतं आणि फार वाईट दिसतं.

आता एक मजकूर सोडवून बघू

हा निरोप मुद्दाम चिन्हांशिवाय देतो. आधी कागदावर स्वतः करून बघा.

काकू नमस्कार मी सुमेध शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे पूजा दहा साडेदहाला सुरू होईल जेवूनच जायचं आहे काका येतील ना त्यांचं पथ्य आहे म्हणून आई विचारत होती गोड काय करू श्रीखंड करायचं की बासुंदी मी पण मदतीला आहे पण मला पुरणपोळी जमत नाही येताना मोठी परात दोन पातेली आणि उलथनं आणाल का

माझ्या हाताने तो असा होईल :

काकू, नमस्कार. मी सुमेध. शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे. पूजा दहा-साडेदहाला सुरू होईल. जेवूनच जायचं आहे! काका येतील ना? त्यांचं पथ्य आहे, म्हणून आई विचारत होती, “गोड काय करू?” श्रीखंड करायचं की बासुंदी? मी पण मदतीला आहे, पण मला पुरणपोळी जमत नाही. येताना मोठी परात, दोन पातेली आणि उलथनं आणाल का?

‘मी सुमेध’ला क्रियापद नाही, तरी पूर्णविराम आहे. ‘मी पण’मधला ‘पण’ चिकटलेला, पुढचा ‘पण’ सांध्यावरचा. ‘म्हणून’च्या आधी स्वल्पविराम आहे, कारण पथ्य हे विचारण्याचं कारण आहे. ‘गोड काय करू’ हे आईचे शब्द. अवतरण काढलं तर स्वयंपाक सुमेधच करणार असं वाटेल. ‘जेवूनच जायचं आहे’नंतर साधा पूर्णविरामही चालला असता. मी उद्गारचिन्ह दिलं ते आग्रह दिसावा म्हणून, आणि आख्ख्या निरोपात ते तेवढं एकच आहे. ‘आई विचारत होती’च्या पुढे तुम्ही अपूर्णविराम दिला असेल तर तोही चुकीचा नाही.

पुढचा सराव पुस्तकातल्या उताऱ्यांवर नको. आपल्याच फोनमधले गेल्या आठवड्यातले लांब निरोप काढा, त्यातला चिन्हांशिवाय पाठवलेला एखादा निवडा, क्रियापदांखाली रेघा ओढा आणि ‘पण’, ‘तर’, ‘म्हणून’, ‘की’ यांना गोल करा.